डेक्सामेथासोन दिल्यावर रॅटच्या लिव्हरच्या न्यूक्लियसमधल्या प्रोटीन्समध्ये नक्की काय बदलतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ॲड्रेनल ग्रंथी काढलेल्या नर विस्टार रॅटना डेक्सामेथासोन (ग्लुकोकॉर्टिकॉइड हार्मोनसारखं काम करणारं कृत्रिम औषध) दिलं, ४ तासांनी लिव्हर काढून न्यूक्लियस वेगळे केले, वेस्टर्न ब्लॉटवर (अँटीबॉडीने एकच प्रोटीन ओळखायची पद्धत) ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरचा, म्हणजे हे हार्मोन धरणाऱ्या प्रोटीनचा बँड कंट्रोलपेक्षा जाड आला, पण कूमासी जेलवर (सगळी प्रोटीन्स एकदम रंगवून बघायचं जेल) न्यूक्लियसच्या प्रोटीन्सचा सगळा पॅटर्न जसाच्या तसा, हिस्टोनही (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रोटीन्स) तेवढेच. वर कंट्रोलच्या न्यूक्लियसमध्येसुद्धा रिसेप्टर थोडा दिसतोच आहे, एका कंट्रोल रॅटमध्ये तर बँड चांगलाच जाड. मग हार्मोनने न्यूक्लियसमध्ये केलं काय आणि गाईडना काय सांगायचं?

पहिली गोष्ट म्हणजे यात घाबरण्यासारखं काही नाही, रिझल्ट जसा यायला हवा तसाच आलाय. उलट कूमासीवर ठळक फरक आला असता तर मी आधी न्यूक्लियस स्वच्छ आहेत का ते बघायला सांगितलं असतं. हार्मोन न्यूक्लियसमध्ये प्रोटीनचा साठा वाढवत नाही. आधीपासून असलेल्या मोजक्या प्रोटीन्सची जागा बदलते, त्यांच्यावर फॉस्फेट किंवा ॲसिटाइल चढतो-उतरतो, ती डीएनएवर कुठे आणि किती वेळ बसतात ते बदलतं, आणि हे सगळं बऱ्याचदा मिनिटांत होऊन जातं. आपण मात्र काही तासांनी एकच सॅम्पल घेऊन 'किती आहे' एवढंच मोजतो.

आकड्यांत बघा म्हणजे पटेल. रॅटच्या डिप्लॉइड न्यूक्लियसमध्ये साडेपाच-सहा अब्ज बेसपेअर डीएनए, दर २०० बेसपेअरला एक न्यूक्लिओसोम (हिस्टोनच्या गठ्ठ्याभोवती गुंडाळलेला डीएनए) धरला तर जवळपास ३ कोटी न्यूक्लिओसोम, प्रत्येकात एच३ या हिस्टोनचे २ रेणू, म्हणजे एकट्या एच३ चे ६ कोटींच्या आसपास रेणू झाले. ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर सगळ्या पेशीत मिळून काही दहा हजारांच्या घरात, आणि थायरॉइडच्या टी३ चा रिसेप्टर तर एका न्यूक्लियसमध्ये काही हजारच. वारीच्या गर्दीत शे-दोनशे माणसं वाढली तर वरून काढलेल्या फोटोत ती कळणार आहेत का? कूमासी जेल म्हणजे तो वरून काढलेला फोटो आहे. १९६०-७० च्या दशकात नॉन-हिस्टोन प्रोटीन्सवर खूप काम झालं, रॅटच्या लिव्हरवर तर फारच, आणि हार्मोन दिल्यावर अमुक बँड वाढला असे बरेच पेपर आले, पण खरे रेग्युलेटर इतके कमी असतात की ते त्या जेलवर दिसणं शक्यच नव्हतं. ते हाती लागले ते रेडिओॲक्टिव्ह हार्मोन चिकटवून, नाहीतर डीएनएच्या ठराविक तुकड्याला कोण धरतंय ते शोधून.

आता रिसेप्टरकडे येऊ. हार्मोन नसताना ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर बहुतांश सायटोप्लाझममध्ये एचएसपी९० आणि त्याच्या सोबतच्या प्रोटीन्सबरोबर बांधलेला असतो. डेक्सामेथासोन आत गेलं की त्या कॉम्प्लेक्सची रचना बदलते आणि रिसेप्टर न्यूक्लियसमध्ये शिरतो, याला मिनिटं लागतात, तास नाही. रॅटचा रिसेप्टर ७९५ अमिनो ॲसिडचा, जेलवर ९४ किलोडाल्टनच्या आसपास दिसतो, आणि त्याचा डीएनए धरणारा झिंक फिंगरवाला भाग डीएनएला कसा जोडीने धरतो ते १९९१ साली क्रिस्टलमध्ये दिसलं, तोही रॅटचाच रिसेप्टर होता. लिव्हरमध्ये तो कुठे बसतो याचं सगळ्यात चांगलं अभ्यासलेलं ठिकाण म्हणजे टायरोसिन अमिनोट्रान्सफरेज हे एन्झाइम, टॅट म्हणतो आपण, त्याच्या जीनच्या सुरुवातीच्या अडीच हजार बेसपेअर अलीकडचा भाग. तिथे रिसेप्टर एकटा काम करत नाही, शेजारी एचएनएफ३ आणि सी/ईबीपी सारखी लिव्हरची स्वतःची प्रोटीन्स लागतात. म्हणूनच तोच रिसेप्टर, तेच हार्मोन, पण थायमसमध्ये टॅट वाढत नाही आणि लिव्हरमध्ये वाढतं. हार्मोनचा परिणाम काय होणार हे हार्मोन यायच्या आधीच न्यूक्लियसमध्ये कोण बसलंय त्यावर ठरलेलं असतं, आणि मला विचाराल तर या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, पण अभ्यासक्रमात तिला एक ओळही मिळत नाही.

ही लिव्हरची प्रोटीन्स सापडली तीसुद्धा रॅटच्या लिव्हरच्या न्यूक्लियसमधूनच, कारण तिथे माल भरपूर मिळतो. सी/ईबीपी १९८७ ला मॅकनाइटच्या लॅबने काढलं, ते उष्णतेला टिकतं म्हणून एक्स्ट्रॅक्ट तापवून बाकीचा गाळ बाहेर काढता आला, आणि त्याच प्रोटीनवरून पुढच्या वर्षी ल्युसिन झिपरची (दोन प्रोटीन्सना जोडणाऱ्या भागाची) कल्पना आली. एचएनएफ४ सुद्धा १९९० ला रॅट लिव्हरच्या न्यूक्लियर एक्स्ट्रॅक्टमधूनच शुद्ध केलं. त्याच्याही आधी, १९५९ साली, वाइस आणि ग्लॅडस्टोन यांना आरएनए पॉलिमरेजची (डीएनएवरून आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमची) ॲक्टिव्हिटी सापडली ती रॅट लिव्हरच्या न्यूक्लियसमध्ये, आणि १९६९ ला रोडर आणि रटर यांनी पॉलिमरेज एक नसून अनेक आहेत हे दाखवलं तेव्हा सी अर्चिनच्या जोडीला रॅटचं लिव्हरच होतं. तेव्हा तुम्ही वापरताय ते मॉडेल जुनं असलं तरी टाकाऊ अजिबात नाही.

कंट्रोलमध्ये रिसेप्टर का दिसतो याची कारणं तीन असू शकतात आणि तिन्ही तपासता येतात. एक म्हणजे ॲड्रेनल काढूनही रॅटमध्ये कधीकधी इकडेतिकडे थोडा ॲड्रेनलचा टिश्यू राहतो आणि तो काही आठवड्यांत वाढून कॉर्टिकोस्टेरॉन बनवायला लागतो, त्यामुळे ऑपरेशन झालं म्हणजे हार्मोन शून्य असं धरू नका, प्रत्येक जनावराच्या प्लाझ्मात कॉर्टिकोस्टेरॉन मोजा. हो, कॉर्टिकोस्टेरॉनच, रॅटचा मुख्य ग्लुकोकॉर्टिकॉइड तोच, माणसासारखा कॉर्टिसॉल नाही, त्यामुळे किट मागवताना नीट बघून मागवा. दुसरं कारण सायटोप्लाझमची भेसळ, त्यावर खाली लिहितोच. तिसरं म्हणजे हार्मोन नसतानाही हा रिसेप्टर आतबाहेर करतच असतो, तो काही दाराला कुलूप लावून बाहेर बसलेला नसतो, त्यामुळे थोडासा न्यूक्लियसमध्ये सापडणं खरंही असू शकतं.

याच्या उलटही होतं. पाण्यात बनवलेल्या बफरमध्ये न्यूक्लियस काढताना सैल बसलेली प्रोटीन्स गळून जातात. इस्ट्रोजेन रिसेप्टर वर्षानुवर्षं सायटोप्लाझममधला म्हणून शिकवला गेला, १९८४ साली अँटीबॉडीने पेशीतच रंगवून आणि पेशींचे न्यूक्लियस वेगळ्या पद्धतीने काढून बघितलं तेव्हा कळलं की हार्मोन नसतानाही तो न्यूक्लियसमध्येच असतो, होमोजिनायझेशनमध्ये गळून सायटोसॉलमध्ये यायचा. तेव्हा फ्रॅक्शनमधल्या बँडवरून पेशीत कुठे होतं हे सांगताना सोबत एक तरी इम्युनोस्टेनिंगचं चित्र ठेवा, गाईड मागोत न मागोत.

४ तासांच्या सॅम्पलबद्दल अजून एक. डेक्सामेथासोन स्वतःच्या रिसेप्टरलाच कमी करतं, त्याचा एमआरएनए घटतो आणि प्रोटीनचं हाफ-लाइफही कल्चरमधल्या पेशींत साधारण निम्म्यावर येतं. म्हणजे १५-३० मिनिटांना न्यूक्लियसमधला बँड वर, आणि दुसऱ्या दिवशी एकूणच रिसेप्टर खाली, असा ग्राफ येऊ शकतो. ४ तास म्हणजे मधलीच वेळ आहे, तिथे आलेल्या एका आकड्यावरून 'रिसेप्टर वाढला' असं लिहू नका, 'न्यूक्लियसमधला हिस्सा वाढला' असं लिहा आणि तेही सायटोसॉल आणि न्यूक्लियस दोन्ही मोजून, नाहीतर त्या वाक्याला आधार नाही.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण बघा, थायरॉइड. टी३ चा रिसेप्टर हार्मोन असो नसो न्यूक्लियसमध्ये डीएनएवर बसलेलाच असतो. हार्मोन नसताना त्याच्यासोबत जीन दाबून ठेवणारी को-रिप्रेसर प्रोटीन्स असतात, टी३ आलं की ती सुटतात आणि चालू करणारी येतात. १९७२ मध्ये ओपनहायमरच्या गटाने रॅटच्या लिव्हर आणि किडनीच्या न्यूक्लियसमध्ये या बाइंडिंग साइट्स दाखवल्या. इथे तुम्ही हायपोथायरॉइड रॅटला टी३ देऊन न्यूक्लियसमधला रिसेप्टर वेस्टर्नने मोजत बसलात तर काहीच दिसणार नाही, आणि कोणीतरी निष्कर्ष काढेल की टी३ लिव्हरच्या न्यूक्लियसवर काम करत नाही. जे बदललं ते रिसेप्टरच्या शेजाऱ्यांत बदललं, ते बघायला क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशन लागतं, म्हणजे डीएनएच्या ठराविक जागेवर कुठलं प्रोटीन बसलंय ते अँटीबॉडीने पकडून बघायचं.

या थायरॉइडच्या गोष्टीत एक नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही म्हणून मुद्दाम लिहितो, जमशेद टाटा. १९३० ला मुंबईत जन्मले, पुढे लंडनच्या मिल हिल भागातल्या वैद्यकीय संशोधन संस्थेत काम केलं. त्या काळात थायरॉइड हार्मोन थेट मायटोकाँड्रियावर काम करतं असं बहुतेकांना वाटायचं, कारण दिल्यावर ऑक्सिजनचा खप वाढतो. टाटांनी १९६३ ला दाखवलं की ॲक्टिनोमायसिन डी किंवा प्युरोमायसिन दिलं, म्हणजे आरएनए किंवा प्रोटीन बनणं अडवलं, तर तो खप वाढतच नाही. मग विडनेल यांच्याबरोबर रॅट लिव्हरचे एन्झाइमसकट जिवंतसारखे न्यूक्लियस काढायची पद्धत बसवली आणि थायरॉइड काढलेल्या रॅटमध्ये वेळेनुसार बघितलं, तर आधी न्यूक्लियसमधलं आरएनए बनणं वाढतं आणि मेटाबॉलिझम त्याच्यानंतर कितीतरी उशिरा. रिसेप्टर सापडायच्या आधी, फक्त कशाच्या आधी काय होतं हे नेटाने मोजून त्यांनी हार्मोनचं ठिकाण न्यूक्लियसकडे वळवलं. टाइम कोर्स करायला कंटाळा येतो त्या सगळ्यांनी ते जुने पेपर एकदा वाचावेत असं मला मनापासून वाटतं.

ग्लुकॅगॉन आणि इन्सुलिनचं तर आणखी वेगळं, ही हार्मोन पेशीत जाऊन डीएनएवर बसत नाहीत, बाहेरून निरोप देतात. ग्लुकॅगॉनने सायक्लिक एएमपी वाढतो, प्रोटीन कायनेज ए चा काम करणारा तुकडा सुटून न्यूक्लियसमध्ये जातो आणि क्रेब या जीन चालू करणाऱ्या प्रोटीनच्या १३३ नंबरच्या सेरीनवर फॉस्फेट लावतो. इन्सुलिनने एकेटी नावाचं कायनेज चालू होतं, ते फॉक्सओ१ या जीन चालू करणाऱ्या प्रोटीनवर फॉस्फेट लावतं आणि फॉक्सओ१ न्यूक्लियसमधून बाहेर पडतो, म्हणजे इथे हार्मोनचा परिणाम म्हणून न्यूक्लियसमधलं प्रोटीन चक्क कमी होतं. हिस्टोनवरही होतं. लँगन यांनी १९६९ मध्ये रॅटला ग्लुकॅगॉन आणि इन्सुलिन देऊन लिव्हरच्या एच१ हिस्टोनवर एका ठराविक सेरीनचं फॉस्फोरिलेशन वाढतं हे दाखवलं, आणि त्याआधी १९६४ ला ऑलफ्री आणि मर्स्की यांच्या गटाने हिस्टोनचं ॲसिटिलेशन आणि आरएनए बनणं यांचा संबंध मांडला होता. त्यामुळे तुमच्या गाईडना 'हिस्टोन बदलले नाहीत' असं सांगू नका, 'हिस्टोनचं प्रमाण बदललं नाही' एवढंच तुम्ही बघितलंय. १५ टक्के एसडीएस जेलवर ॲसिटाइल चढलेला एच४ आणि न चढलेला एच४ वेगळे दिसतच नाहीत, त्याला ॲसिड-युरिया जेल नाहीतर त्या-त्या मार्कची अँटीबॉडी हवी.

आणि फॉस्फेट-ॲसिटाइल बघायचं असेल तर होमोजिनायझेशनच्या पहिल्या बफरपासून सोडियम फ्लोराइड, ऑर्थोव्हॅनाडेट आणि सोडियम ब्युटिरेट घातलेलं असलं पाहिजे, शेवटच्या एक्स्ट्रॅक्शन बफरमध्ये घालून उपयोग नाही, तोपर्यंत फॉस्फेटेज आणि डीॲसिटिलेज आपलं काम करून मोकळे झालेले असतात.

ज्या भागाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं तो आता. नर रॅटमध्ये ग्रोथ हार्मोन एकसारखं सुटत नाही, सव्वातीन-साडेतीन तासांनी मोठा झटका येतो आणि मधल्या वेळात रक्तात ते जवळजवळ नसतंच. मादीत पातळी मध्यम पण बऱ्यापैकी सलग. १९९५ मध्ये वॅक्समनच्या लॅबने दाखवलं की नराच्या लिव्हरमध्ये प्रत्येक झटक्याबरोबर स्टॅट५ या जीन चालू करणाऱ्या प्रोटीनच्या टायरोसिनवर फॉस्फेट लागतं, ते न्यूक्लियसमध्ये जातं, आणि झटका ओसरला की पुन्हा रिकामं. म्हणजे एकाच पिंजऱ्यातले दोन नर, एकच वय, एकच खाद्य, अर्ध्या तासाच्या अंतराने मारले तर एकाच्या न्यूक्लियसमध्ये स्टॅट५ ठासून भरलेलं आणि दुसऱ्याच्यात शोधूनही सापडत नाही असं होऊ शकतं, आणि दोन्ही जनावरं अगदी नॉर्मल. अशा वेळी ५ नरांचा सरासरी बँड काढून त्यावर एरर बार टाकला तर तो आकडा कुठल्याच जनावराचा नसतो. याच पॅटर्नमुळे नराच्या लिव्हरमध्ये सीवायपी२सी११ आणि मादीत सीवायपी२सी१२ हे एन्झाइम बनतं, म्हणजे न्यूक्लियसला हार्मोन किती आलं याच्याइतकंच ते कसं आलं, तुटक की सलग, हेही कळतं. पिट्युटरी काढलेल्या मादीला ग्रोथ हार्मोन झटक्याझटक्याने दिलं तर तिचं लिव्हर नरासारखं वागायला लागतं.

कॉर्टिकोस्टेरॉनचंही तेच, तासातासाला छोटे झटके आणि त्यावर दिवसाची मोठी लाट, रॅट रात्री जागणारा प्राणी म्हणून संध्याकाळी दिवे जायच्या सुमाराला सगळ्यात वर. आणि रिसेप्टर डीएनएवर फेव्हिकॉलसारखा चिकटून बसत नाही, २००० साली हेगर यांच्या गटाने चमकणारं प्रोटीन जोडून जिवंत पेशीत मोजलं तर तो सेकंदांत सुटतो आणि दुसरा बसतो. डेक्सामेथासोन मात्र रिसेप्टर जास्त घट्ट धरतं आणि शरीरात जास्त टिकतं, त्यामुळे तुमचा प्रयोग ही नैसर्गिक स्थिती नाही, ती एक लांबलेली सलग स्थिती आहे. त्यात चूक काही नाही, फक्त लिहिताना 'स्ट्रेसमध्ये असं होतं' इथपर्यंत उडी मारू नका.

घड्याळाचं अजून एक उदाहरण देतो कारण ते डोळ्यात भरणारं आहे. डीबीपी नावाचं ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर (जीन चालू-बंद करणारं प्रोटीन) रॅटच्या लिव्हरच्या न्यूक्लियसमध्ये संध्याकाळी भरपूर असतं आणि सकाळी जवळजवळ नसतंच, शिब्लर यांच्या लॅबचं १९९० चं काम आहे हे. आपल्याकडे लॅब १० ला उघडते, पहिली बॅच ११ ला मारली, जेवून आल्यावर दुसरी बॅच ३ ला, ट्रीटेड सगळे दुपारी, असं केलं तर दिसलेला फरक डेक्सामेथासोनचा की घड्याळाचा हे देवालाही सांगता येणार नाही. कंट्रोल आणि ट्रीटेड आलटूनपालटून, आणि वेळ प्रत्येक सॅम्पलच्या ट्यूबवर लिहायची.

आता न्यूक्लियस काढण्याबद्दल, कारण अर्ध्या शंका तिथेच संपतात. लो-स्पीडला फिरवून खाली बसलेला तो पिवळट-लालसर पेलेट म्हणजे न्यूक्लियस नव्हे, त्यात लाल पेशी, न फुटलेल्या पेशी, मायटोकाँड्रिया, मेंब्रेनचे तुकडे सगळं असतं. १९५६ मध्ये शोव्हो वगैरेंनी २.२ मोलर सुक्रोज वापरून आणि १९६६ मध्ये ब्लोबेल आणि पॉटर यांनी २.३ मोलरच्या थरावरून ही अडचण सोडवली आणि आजही रॅट लिव्हरला मी तीच पद्धत सुचवेन. लिव्हर आधी थंड सलाइनने धुऊन फिकट होईपर्यंत रक्त काढायचं, ०.२५ मोलर सुक्रोज, ट्रिस, २५ मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड आणि ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइडच्या बफरमध्ये टेफ्लॉनच्या होमोजिनायझरने मोजके स्ट्रोक, मलमलीच्या घड्यांतून गाळून, मग २ भाग २.३ मोलर सुक्रोज मिसळून खाली त्याच जाड सुक्रोजचा थर देऊन अल्ट्रासेंट्रीफ्यूज, ब्लोबेल-पॉटरचं १,२४,००० जी ला अर्धा तास. मॅग्नेशियम विसरलात तर न्यूक्लियस फुगून फुटतात आणि सगळ्याचा चिकट लगदा होतो.

२.३ मोलर म्हणजे लिटरला ७८७ ग्रॅम साखर, पाकासारखं दाट. पिपेटने ओढाल तर निम्मं टोकाला चिकटून राहतं आणि कॉन्सन्ट्रेशन चुकतं, त्यामुळे वजनावर घ्या किंवा सिरिंजने. नीट झालं तर ट्यूबच्या तळाला पांढरा, थोडा अर्धपारदर्शक पेलेट येतो आणि वर तपकिरी गाळाचा थर तरंगतो. तो वरचा थर ट्यूब उलटी करून ओतताना भिंतीवरून ओघळून पेलेटवर येतो आणि बऱ्याच जणांची सायटोप्लाझमची भेसळ ही इथली असते. ट्यूब उलटीच धरून आतली भिंत टिश्यूने पुसून घ्या, मगच सरळ करा. पेलेटमधला चिमूटभर डॅपी (डीएनए चमकवणारा रंग) लावून आणि फेज काँट्रास्टमध्ये बघा, गोल, स्वच्छ कडांचे न्यूक्लियस हवेत, भोवती झालर दिसली तर मेंब्रेन चिकटलंय. मग वेस्टर्नवर लॅमिन किंवा एच३ ही न्यूक्लियसची प्रोटीन्स दिसली पाहिजेत आणि ट्युब्युलिन, कॅलनेक्सिन ही बाहेरची प्रोटीन्स दिसायला नकोत. फक्त गॅपडीएच (सायटोप्लाझमचं म्हणून वापरलं जाणारं एन्झाइम) लावून शुद्धता सिद्ध करू नका, ते न्यूक्लियसमध्येही जातं. पीएमएसएफ (प्रोटीन कापणाऱ्या प्रोटीएजना अडवणारं रसायन) पाण्यात फार टिकत नाही, एक-दोन तासांत निम्मं होतं, म्हणून सकाळी बफरमध्ये घालून ठेवलेलं दुपारी नसल्यासारखंच, आयसोप्रोपेनॉलमधल्या स्टॉकमधून दर वेळी ताजं घाला. रिसेप्टरच्या ९४ किलोडाल्टनच्या खाली छोटे बँड येत असतील तर बहुतेक हेच कारण, प्रोटीएज रिसेप्टर कापतायत.

उपाशी ठेवण्याचा घोळही समजून घ्या. ग्लायकोजेन जास्त असेल तर प्रेपमध्ये त्रास देतो म्हणून रात्रभर उपाशी ठेवायची पद्धत आहे, पण उपाशी रॅटमध्ये ग्लुकॅगॉन वर, इन्सुलिन खाली, आणि ॲड्रेनल शाबूत असलेल्यांत कॉर्टिकोस्टेरॉनही वर, म्हणजे ज्याचा परिणाम मोजायचा तेच तुम्ही आधीच बदलून ठेवलंत. फॉक्सओ१ किंवा क्रेब बघायचं असेल तर उपाशी-पोटभर हा स्वतंत्र ग्रुप म्हणून ठेवा. ॲड्रेनल काढलेल्या रॅटना तर ग्लुकोज फार खाली जायचा धोका असतो, त्यांना जास्त वेळ उपाशी ठेवूच नका, आणि पिण्याला ०.९ टक्के मिठाचं पाणी हवंच, अल्डोस्टेरॉन गेल्यामुळे त्यांच्या शरीरात सोडियम टिकत नाही. हे सगळं ॲनिमल एथिक्स कमिटीला दिलेल्या प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहिलेलं असायला हवं.

नॉर्मलायझेशन डीएनएवर करा, प्रोटीनवर नको. मोठ्या रॅटच्या हिपॅटोसाइट, म्हणजे लिव्हरच्या मुख्य पेशी, बऱ्याचशा टेट्राप्लॉइड (डीएनए दुप्पट) असतात, काहींत दोन न्यूक्लियस, त्यामुळे 'प्रति न्यूक्लियस' हा आकडा वयाप्रमाणे सरकतो. आणि संपूर्ण लिव्हरमधून काढलेले न्यूक्लियस सगळे हिपॅटोसाइटचे नसतात, कुप्फर पेशी आणि रक्तवाहिन्यांच्या एंडोथेलियल पेशी आकाराने छोट्या पण संख्येने लिव्हरच्या पेशींच्या एक तृतीयांशाच्याही पुढे असतात, आणि ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर त्यांच्यातही आहे.

डोसबद्दलही सांभाळा. रिसेप्टर नॅनोमोलरलाच भरून जातो. ५०-१०० मिलिग्रॅम प्रतिकिलो असे जे डोस जुन्या पेपरमध्ये दिसतात ते सीवायपी३ए नावाचं एन्झाइम वाढवायला वापरलेले, तिथे डेक्सामेथासोन पीएक्सआर नावाचा वेगळाच न्यूक्लियर रिसेप्टर चालू करतं. टॅटसाठी प्रतिकिलो १ मिलिग्रॅमच्या आत भागतं, आणि तेवढ्यात राहिलात तर निष्कर्ष ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरचा आहे असं छातीठोकपणे म्हणता येतं.

टॅट एन्झाइमची ॲक्टिव्हिटी वाढली म्हणजे न्यूक्लियसमध्ये काम झालं असंही लगेच धरू नका. शिमके यांनी १९६५ ला रॅट लिव्हरच्या ट्रिप्टोफॅन पायरोलेजवर सुंदर काम केलंय, हायड्रोकॉर्टिसोनने ते एन्झाइम वाढतं कारण नवीन जास्त बनतं, आणि नुसतं ट्रिप्टोफॅन दिलं तरी ते वाढतं, पण कारण त्याचं मोडणं कमी होतं. बाहेरून दोन्ही आलेख वरच जाताना दिसतात. हा फरक दाखवायचा तर टॅटच्या इंट्रॉनवर प्रायमर लावून नुकताच बनलेला आरएनए मोजा, तो न्यूक्लियसमधल्या कामाशी सगळ्यात जवळचा असतो.

तेव्हा तुमच्या जागी मी वेळा १५ मिनिटं, १ तास, ४ तास आणि २४ तास ठेवेन, प्रत्येक वेळेला तिचा स्वतःचा व्हेइकल कंट्रोल (औषधाशिवाय नुसतं द्रावण दिलेला), एक ग्रुप आधी आरयू४८६ (हाच रिसेप्टर अडवणारं औषध) दिलेला. प्रत्येक लिव्हरचा एक तुकडा काढल्याकाढल्या लिक्विड नायट्रोजनमध्ये आरएनएसाठी, एक फॉर्मलिनमध्ये क्रोमॅटिन आणि स्टेनिंगसाठी, उरलेलं ताजंच न्यूक्लियसला. क्रोमॅटिनमध्ये टॅटच्या अडीच हजार बेसपेअर अलीकडच्या जागेवर रिसेप्टर आणि एच३ चं ॲसिटिलेशन, सोबत जिथे रिसेप्टर बसू नये अशी एक जागा निगेटिव्ह म्हणून. टॅटच्या या जागेची अजून एक गंमत आहे, ती २००१ मध्ये ग्रांज यांच्या गटाने दाखवली. जन्माच्या आधी पिल्लाच्या लिव्हरवर ग्लुकोकॉर्टिकॉइडचा परिणाम झाला की तिथल्या डीएनएवरचे मिथाइल हळूहळू, काही दिवसांत निघून जातात आणि हार्मोन गेल्यावरही परत येत नाहीत, त्यामुळे पुढच्या वेळी तोच जीन जास्त जोरात चालू होतो. मोठ्या रॅटमध्ये ते आधीच होऊन गेलेलं असतं, म्हणून तुमच्या ४ तासांत मिथाइलेशनमध्ये फरक शोधायला बायसल्फाइट सिक्वेन्सिंगवर पैसे घालवू नका, तो पैसा अँटीबॉडीला वापरा.

स्टॅटिस्टिक्समध्ये एन म्हणजे जनावर. एका लिव्हरचे तीन प्रेप आणि प्रत्येकाच्या दोन लेन मिळून ६ होत नाहीत, तो १ च. लिव्हर पूल करू नका, प्रत्येक रॅटचा बिंदू ग्राफवर वेगळा दाखवा, शेजारी त्याचं कॉर्टिकोस्टेरॉन आणि मारल्याची वेळ. कंट्रोलमधला जो एक रॅट तुम्हाला विचित्र वाटतोय, बँड जाड आलेला, त्याचं प्लाझ्मा फ्रीझरमध्ये अजून असेल तर आधी तेच मोजून घ्या.